गोफण : राखणीचे साधन, फावल्या वेळचा छंद

वर्धा जिल्ह्यातील देवळीच्या परिसरात पूर्वी कापसाच्या बरोबरीने ज्वारीचा पेरा असे. कणसात दूध भरू लागले की शेतात माळा उभा राही आणि घरातील एखादे माणूस गोफण घेऊन पहाटेच तेथे जाऊन बसे. आज कापूस, सोयाबीन व तूर यांच्यामध्ये ज्वारीचे शेत क्वचित दिसते. सर्वत्र ज्वारी असताना पाखरांचा उपद्रव सर्वांत वाटला जाई. आता सारे थवे त्या एकाच शेतावर उतरतात. राखण होत नाही म्हणून ज्वारी पेरली जात नाही, आणि पेरा घटल्याने राखण अधिकच कठीण होते. घरच्या भाकरीपुरती ज्वारी व गुरांपुरता कडबा पिकवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास हा फेरा मोडावयाचा आहे. त्यास गोफण हे बिनखर्चाचे साधन आहे.

गोफण घरीच विणता येते. त्यासाठी अंबाडीचा वाख किंवा मजबूत सुती दोरा घ्यावा. सहा पदर दोन-दोन जोडून सुमारे दोन हात लांबीची तिपेडी वेणी घालावी. तिच्या आरंभी बोट शिरेल असा फास ठेवावा. मग सहाही पदर सुटे पसरून, बाज विणावी त्याप्रमाणे त्यांतून आडवा दोरा खाली-वर ओवीत वीतभर लांब व मध्यभागी चार बोटे रुंद अशी झोळी विणावी. नंतर पदर एकत्र करून पहिल्याइतकीच दुसरी वेणी घालावी. तिच्या टोकाशी गाठ मारून पुढे थोडा शेपटा मोकळा सोडावा.

देवळीकडील काळ्या जमिनीत गोटे थोडे मिळतात; पण त्यावाचून अडत नाही. माती भिजवून लिंबाएवढे गोळे वळावेत व उन्हात वाळवावेत. असा गोळा शेतात पडून पावसाने विरघळतो. दगड मात्र शेतातच राहतो, विळ्याची धार घालवितो आणि मळणी यंत्रात गेल्यास ते बिघडवितो.

फेकताना फास मधल्या बोटात अडकवावा आणि गाठ अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरावी. झोळीत गोळा ठेवून डोक्यावर एक-दोन फेरे द्यावेत व गाठ सोडावी. गाठ थोडी लवकर वा उशिरा सुटली तर गोळा भलतीकडे जातो. म्हणून नवशिक्याने मोकळ्या पडीत शेतात, आसपास माणूस वा जनावर नसताना, कडब्याच्या पेंढीवर नेम धरावा. मुलांनी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच शिकावे. रस्ता, विजेच्या तारा व शेजारचे शेत यांच्या दिशेने कधीही फेकू नये. चुकीच्या फेकीने डोळा जाऊ शकतो.

गोळा थव्याच्या पलीकडे टाकावा, पाखरांवर नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. शिवाय साळुंखी व भोरडी हे पक्षी किडी, अळ्याही टिपतात. ताटांवरून सणसणत जाणारा गोळा आणि शेपटाचा कडाका एवढ्यानेच थवा उठतो. दूध भरण्यापासून दाणा टणक होईपर्यंत सकाळी व दुपार कलल्यावर फिरती राखण करावी. एकाच जागी बसल्यास पाखरे दुसऱ्या टोकास उतरतात. रानडुकरे व रोही यांच्यापुढे गोफणीचा उपाय चालत नाही. डुकरास डिवचणे तर जिवावर बेतते.

गोफण विणणे व नेम साधणे हा इतरत्रही आवडीचा छंद आहे. स्पेनच्या बॅलेरिक बेटांत गोफणीच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरतात, तर पेरूच्या डोंगराळ भागात पशुपालक लोकरीच्या गोफणी विणतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच शेतकऱ्यांस एकत्र बसवावे. चार-पाच शेजाऱ्यांनी लागून ज्वारी पेरली व राखणीच्या पाळ्या लावल्या तर कोणा एकावर भार पडणार नाही. गावातील जाणत्या वृद्धांकडून तरुणांनी आताच वीण शिकून घ्यावी. ज्वारी निसवण्याच्या आत प्रत्येक घरी एक गोफण व टोपलीभर वाळलेले गोळे तयार असावेत.