स्पॅनिश भाषा व संस्कृतीचे विद्यापीठीय अध्ययन : नंदुरबारच्या विद्यार्थ्याच्या संदर्भात माध्यमभाषेचा विचार

प्रस्तावना

स्पॅनिश ही संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक होय. स्पेन, मध्य व दक्षिण अमेरिकेतील बहुतेक देश, कॅरिबियन बेटांपैकी काही आणि आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनी अशा वीस राष्ट्रांचा कारभार या भाषेत चालतो. भारतात दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ व हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ येथे तिचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मिळते. महाराष्ट्रात पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभागाने तिचे अभ्यासक्रम चालविले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही माध्यमिक स्तरावर शिकविता येतील अशा परकीय भाषांमध्ये स्पॅनिशचे नाव आहे. दार उघडे आहे, यात शंका नाही. परंतु त्या दारापर्यंतची वाट इंग्रजीतून जाते. ती तशी जाणे भाषाशास्त्रीयदृष्ट्या कितपत आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव परिसरातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी घरी पावरी बोलतो, बाजारात अहिराणी ऐकतो, शाळेत मराठी शिकतो आणि महाविद्यालयात इंग्रजीपाशी अडखळतो. अशा विद्यार्थ्याला ‘आधी इंग्रजी पक्के करा, मग परकीय भाषेकडे वळा’ असा सल्ला सहजपणे दिला जातो. सल्ला सद्भावनेचा असतो. पण तो तपासून पाहावयास हवा.

व्याकरणाची जवळीक

स्पॅनिशमध्ये ‘मला आंबा आवडतो’ हे ‘मे गुस्ता एल मांगो’ असे म्हणतात. आंबे अनेक असल्यास ‘मे गुस्तान लोस मांगोस’. येथे ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद आवडणाऱ्या व्यक्तीप्रमाणे न बदलता आवडलेल्या वस्तूच्या वचनाप्रमाणे बदलते. ‘आवडतो’ व ‘आवडतात’ हा भेद जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला यात नवे काहीच नाही. इंग्रजीत मात्र आवडणारी व्यक्ती कर्ता होते. त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात ही रचना स्वतंत्र प्रकरण घेऊन, बऱ्याच सूचनांसह समजवावी लागते. मराठी विद्यार्थी ती आधी इंग्रजीत उलटी करतो आणि मग पुन्हा सुलटी करावयास शिकतो!

हे एकच उदाहरण नाही. नामांना लिंग असणे व विशेषणाने त्याप्रमाणे बदलणे, क्रियापदाच्या रूपावरूनच कर्ता कळत असल्याने ‘मी’, ‘तू’ गाळता येणे, जवळिकीच्या ‘तू’ शेजारी आदराचे ‘उस्तेद’ असणे, या सर्व गोष्टी मराठी भाषकाच्या अंगवळणी आहेत. उच्चारांबाबतही तेच म्हणता येईल. स्पॅनिशमधील त आणि द हे दंत्य असून मराठी त, द यांच्या जवळचे आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे ट, ड होतात. ‘नीञो’ (मूल) या शब्दातील ध्वनीसाठी देवनागरीत ञ हे अक्षर तयारच आहे.

अर्थात मराठी सर्वत्र साहाय्यक ठरत नाही. ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद पोळीप्रमाणे चालते. स्पॅनिशमध्ये भूतकाळातही ते खाणाऱ्याप्रमाणेच चालते. तसेच ‘असणे’ या एका क्रियापदासाठी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. येथे चुका होणार. मात्र या चुका मराठी भाषकाच्या असल्याने इंग्रजी भाषकासाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांचा विचार सापडणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

शब्दांचा प्रवास आणि मिरची

पाव, पगार, चावी, बादली, बिजागरी हे शब्द मराठीत पोर्तुगीजमधून आले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्यामुळे स्पॅनिशमध्ये त्यांचे नातलग अनुक्रमे पान, पागार (पैसे देणे), याबे, बाल्दे, बिसाग्रा असे भेटतात. उलट दिशेचा प्रवासही आहे. संस्कृत ‘शर्करा’ फारसी-अरबीमार्गे स्पेनमध्ये ‘आसुकार’ झाली, तर ‘नारंग’ हे ‘नारांखा’ झाले.

नंदुरबारला अधिक जवळची गोष्ट मिरचीची आहे. येथील मिरची बाजार देशभर प्रसिद्ध आहे. परंतु मिरची मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगिजांमार्फत ती भारतात पोहोचली. नवे तिखट फळ पाहून स्पॅनिश लोकांनी त्याला काळ्या मिऱ्याच्या ‘पिमिएंता’ या नावावरून ‘पिमिएंतो’ म्हटले. भारतातही ‘मरिच’ म्हणजे मिरे, त्यावरून ‘मिरची’ हे नाव रूढ झाले. दोन समाजांनी परस्परांना न विचारता एकच युक्ती योजली! मेक्सिकोत मात्र तेथील आदिवासींच्या नाहुआत्ल भाषेतील ‘चिले’ हा शब्द टिकला. सातपुड्यात भाकरीसाठी पिकणाऱ्या मक्याचे स्पॅनिश नाव ‘माईस’ हेही कॅरिबियन बेटांवरील तायनो भाषेतून आले आहे.

संस्कृती कोणाची?

स्पॅनिश संस्कृती म्हणताच फ्लामेन्को नृत्य व बैलांची झुंज डोळ्यांपुढे येते. नंदुरबारच्या विद्यार्थ्याला त्याहून जवळचा विषय लॅटिन अमेरिकेत आहे. जेत्यांची भाषा म्हणून तेथे गेलेली स्पॅनिश आज आदिवासी भाषांच्या शेजारी कशी नांदते? पॅराग्वेच्या १९९२ च्या संविधानाने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले. मेक्सिकोने २००३ मध्ये आदिवासींच्या भाषिक हक्कांचा कायदा केला. बोलिव्हियाच्या २००९ च्या संविधानात स्पॅनिशसह छत्तीस आदिवासी भाषांना मान्यता आहे. कागदावरील मान्यता आणि वर्गातील वास्तव यांतील अंतर तेथेही आहे. पावरी बोलणारा विद्यार्थी हे अंतर पुस्तकाशिवायही ओळखतो.

भारतात स्पॅनिश साहित्य इंग्रजीच्या खांद्यावर बसून येण्याची परंपरा जुनी आहे. १९३० च्या दशकात दोन काश्मिरी पंडितांनी ‘डॉन किहोते’चा काही भाग संस्कृतात आणला, तोही चार्ल्स जार्व्हिस यांच्या अठराव्या शतकातील इंग्रजी भाषांतरावरून. हा अनुवाद २०१९ मध्ये पुण्यातून प्रकाशित झाला. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज स्पॅनिश शिकलेले मराठी भाषक पदवीधर उपलब्ध आहेत, आणि मराठीतून लिहिलेले प्राथमिक व्याकरण त्यांच्याकडून तयार करून घेणे महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. ‘मला आवडते’, ‘मला भूक लागली’, ‘माझे डोके दुखते’ अशा शंभर-दीडशे वाक्यांचा तक्ता पहिल्या सत्रासाठी पुरेसा होईल. त्यात स्पॅनिश, मराठी, अहिराणी आणि पावरी असे चार रकाने असावेत. पहिले दोन शिक्षकाने भरावेत. शेवटचे दोन भरण्यासाठी त्याला विद्यार्थ्यांनाच विचारावे लागेल.