दांडीसकट की दांडीवाचून?

बैलगाडी किती लांब असते, असे कुणी आपल्याला विचारले तर आपण काय सांगू? नुसत्या साट्याची लांबी, की मागच्या टोकापासून थेट जुवापर्यंतची? भाडे ठरवणारा साट्याकडे पाहतो, कारण माल तिथे बसतो. गाडीसाठी छप्पर घालणारा मात्र दांडीही मोजून घेतो. नाही तर सारा पावसाळा जू बाहेर भिजत राहते. दोघेही खरे बोलतात आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. आपल्याकडे हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्यावरून भांडण झालेले निदान मी तरी ऐकलेले नाही. अमेरिकेत मात्र एवढ्याशा गोष्टीपायी माझ्या सख्ख्या बहिणीला, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, एका दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत रात्र काढावी लागली.

हकीकत अशी. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. आई आली की तिला घेऊन डोंगर, जंगले, तळी पाहत हिंडावे अशी त्याची हौस. पण ताईचे गुडघे गेलेले, शिवाय दर दोन तासांनी संडासाची सोय हवी. म्हणून त्याने एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला. आपल्या उसाच्या ट्रॉलीचा हा शिकलेला, शहरात राहिलेला भाऊ म्हणावा. स्वतःचे इंजिन नाही. मोटारीच्या मागे जोडायचा आणि ओढत न्यायचा. आत मात्र पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, संडास असे सगळे घर. त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत ‘२५ आरबी’ असे रंगवलेले होते. विकणाऱ्यानेही ‘पंचवीस फुटी’ असेच सांगितले.

भाच्याने एका सरकारी जंगलातली मुक्कामाची जागा सहा महिने आधी राखून ठेवली. तिथे २७ फुटांपर्यंतच्या ट्रेलरला मुभा होती. म्हणजे आपल्या हाती दोन फूट शिल्लक, असा त्याचा हिशेब. संध्याकाळी फाटकावरच्या रक्षकाने टेप लावली तेव्हा आकडा आला २९ फूट ८ इंच. जागा अशी की मागे झाड आणि पुढे वळणाचा रस्ता. ट्रेलर घुसवला असता तर त्याचे तोंड रस्त्यात राहिले असते. रक्षक नम्र होता, पण ठाम होता. दुसरी जागा रिकामी नव्हती, भरलेले पैसे परत मिळणार नव्हते, आणि अंधार पडत होता. ताई एवढेच म्हणाली, “अरे, आकडा रंगवला कुणी आणि शिक्षा भोगायची कुणी?”

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. “मामा, तुम्ही मुलांना मोजमाप शिकवता ना? मग पंचवीसचे एकोणतीस कसे होतात ते सांगा.”

पदार्थविज्ञानाच्या पहिल्या तासाला मी मुलांच्या हाती व्हर्निअर कॅलिपर देतो आणि शून्याची चूक आधी पाहा म्हणून बजावतो. तरी त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिकडे जाणे झाले तेव्हा आम्ही दोघांनी टेपची दोन टोके धरून तो ट्रेलर आतून-बाहेरून मोजला. आत, पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत जमीन भरली २४ फूट १० इंच. बाहेरून, म्हणजे भिंतींची जाडी आणि पुढचा फुगवटा धरून, नुसत्या घराची लांबी २५ फूट ७ इंच. घराच्या पुढे लोखंडी त्रिकोणी दांडी ३ फूट ५ इंच. मागे बंपर आणि त्यावर बसवलेले जादा चाक मिळून ८ इंच. बेरीज केली : २९ फूट ८ इंच. रक्षकाची टेप बरोबर होती. गंमत अशी की रंगवलेला आकडाही खोटा नव्हता.

इथे त्या दांडीविषयी थोडे सांगायला हवे, कारण सारा घोळ तिचाच आहे. इंग्रजी ए अक्षरासारखी दिसते म्हणून तिला ए-फ्रेम म्हणतात. तिच्या टोकाला वाटीसारखा एक भाग असतो. तो मोटारीच्या मागे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर उपडा बसतो. तो गोळा हा सांधा, त्याच्याभोवती सारे वळणे होते. दांडी आखूड केली तर ट्रेलरचा कोपरा वळताना मोटारीला लागेल, आणि मागे घेताना ट्रेलर चटकन आडवा होईल. गोळ्यापासून चाकांपर्यंतचे अंतर जितके अधिक, तितका ट्रेलर सावकाश वळतो. आपल्याकडच्या ट्रॅक्टरचालकांना हे पुस्तकाशिवाय कळते. शिवाय गॅसच्या टाक्या, बॅटरी आणि ट्रेलर उचलून धरायचा जॅक याच दांडीवर असतात. म्हणून ती काढून टाकता येत नाही, आणि तिच्यात झोपताही येत नाही. रस्त्याच्या दृष्टीने ती लांबी आहे. घराच्या दृष्टीने नाही.

आता नावातल्या आकड्याकडे वळू. अमेरिकेतल्या ट्रेलरच्या नावात बहुधा एक आकडा आणि दोन-तीन अक्षरे असतात. अक्षरे आतली मांडणी सांगतात : आरबी म्हणजे न्हाणीघर मागच्या बाजूला, बीएच म्हणजे मुलांसाठी एकावर एक फळ्यांचे पलंग, आरके म्हणजे स्वयंपाकघर मागे. आकडा मात्र कोणत्या लांबीचा, याचा एकच असा नियम नाही. पुष्कळ कारखानदार आतल्या जमिनीच्या किंवा नुसत्या घराच्या लांबीजवळचा आकडा घेतात. काही जण पूर्ण लांबीजवळचा घेतात. एअरस्ट्रीम हे यातले जुने नाव. ओहायो राज्यातल्या जॅक्सन सेंटर या गावी तयार होणारे हे चकचकीत अॅल्युमिनियमचे ट्रेलर पुष्कळांनी चित्रांत पाहिले असतील. १९६१ साली त्यांनी ‘बांबी’ नावाचा छोटा ट्रेलर काढला तो सोळा फुटी म्हणून ओळखला जातो, आणि त्यांच्या आकड्यांत साधारणपणे दांडीही धरलेली असते. म्हणजे अंगावर २५ लिहिलेले दोन ट्रेलर शेजारी उभे केले तर एक दुसऱ्याहून चार फूट लांब निघू शकतो. यात फसवणूक किती आणि सवय किती, हे ठरवणे कठीण. माझ्या मते सवयच अधिक. घेणारा आत शिरून पलंग आणि टेबल पाहतो, दांडी कोण पाहतो? म्हणून विकणाराही आतलीच लांबी सांगतो. पण ज्याला फाटकावरून परत फिरावे लागते त्याला या तर्काने समाधान होत नाही, हेही तितकेच खरे.

माहितीपत्रकात पूर्ण लांबी दिलेली असते, पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. भाच्याने एके ठिकाणी २९.८ असा आकडा वाचला होता. तो २९ फूट ८ इंच की दशांश चिन्हाने लिहिलेले २९.८ फूट? आठ इंच म्हणजे ०.६७ फूट, आणि ०.८ फूट म्हणजे साडेनऊ इंचांहून थोडे अधिक. फरक दीड इंचाचाच, पण ही चूक माझे विद्यार्थीही दरवर्षी करतात म्हणून सांगितली. पलंगाचीही तीच तऱ्हा. तिकडे घरातला ‘क्वीन’ पलंग ८० इंच लांब; ट्रेलरमधला त्याच नावाचा पलंग बहुधा पाच-सहा इंचांनी आखूड असतो. नाव राणीचे, पाय मात्र बाहेर.

सगळ्याच ट्रेलरांना हा एक हिशेब लागू पडत नाही. काहींची एक भिंत थांबल्यावर खोलीसकट बाजूला सरकते; तिने रुंदी वाढते, लांबी नव्हे. कापडी तंबूचे घडीचे ट्रेलर ‘दहा फुटी’, ‘बारा फुटी’ म्हणून विकले जातात. ती मिटलेल्या पेटीची लांबी. मुक्कामी दोन्हीकडचे पलंग बाहेर ओढले की बारा फुटी पेटी वीस फुटांच्याही पुढे जाते. फिफ्थ व्हील नावाच्या प्रकाराचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यावर चढून बसतो, त्यामुळे ट्रक आणि ट्रेलर यांच्या लांबींची नुसती बेरीज केली तर उत्तर जास्त येते. वजाबाकी करावी लागते.

मला सर्वांत मौज वाटली ती कायद्याची. अमेरिकेत कारखान्यात बांधून चाकांवरून नेण्याच्या घरांसाठी १९७४ साली केंद्रीय कायदा झाला. ही घरे म्हणजे ट्रेलरचीच थोरली भावंडे. एकदा नेऊन ठेवली की सहसा हलत नाहीत. कोणती वस्तू अशा घरात मोडते हे सांगताना तिथे नुसते ‘फूट’ न म्हणता ‘बॉडी फूट’ असा शब्द वापरला आहे : प्रवासात असताना ८ बॉडी फूट रुंद किंवा ४० बॉडी फूट लांब, किंवा जागेवर उभे केल्यावर ३२० चौरस फूट. आणि त्याखालच्या नियमांत लांबीची व्याख्या करताना ओढदांडी, सांधा आणि आकडा धरू नये असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. ब्रिटनमध्येही साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅनला ७ मीटरांची मर्यादा आहे, तीही दांडी वगळून. भाच्याचे नुसते घरच ७.८ मीटर भरते. तिकडे साध्या मोटारीमागे ते चाललेच नसते.

रस्त्याचे आणि जागेचे नियम नेमके उलट बोलतात. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ‘गोइंग टु द सन’ नावाचा डोंगरकड्यावरून जाणारा रस्ता आहे. त्याच्या मधल्या अवघड टप्प्यात २१ फुटांहून लांब आणि ८ फुटांहून रुंद वाहनाला बंदी आहे. लांबी बंपर धरून, रुंदी आरसे धरून. आणि ट्रेलर जोडलेला असेल तर दोन्ही मिळून. कड्याला आरसा घासला तर तो ‘बॉडी’ आहे की नाही हे कडा विचारीत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या फेरीबोटीतही भाडे लांबीवर असते आणि दांडीपासून सायकलच्या स्टँडपर्यंत जे जे बाहेर येते ते सारे मोजले जाते. बोटीच्या डेकवर जेवढी जागा अडली तेवढ्याचे पैसे. भाच्याला ज्याने परत पाठवले तो रक्षक याच पंथाचा.

मग ट्रेलरवर कुठेच खरी लांबी लिहिलेली नसते काय? बाहेर डाव्या अंगाला, पुढच्या अर्ध्या भागात, कायद्याने लावायची एक पट्टी असते. तिच्यावर भरलेल्या ट्रेलरचे कमाल वजन, आसावरचा भार आणि टायरचा आकार ही माहिती मिळते. लांबीचे तिथे बंधन नाही. पण त्याच पट्टीवर ओळखक्रमांक असतो. १९८१ च्या मॉडेलांपासून तो १७ अक्षरी आहे, आणि ट्रेलरच्या बाबतीत त्याच्या चौथ्या ते आठव्या स्थानांमध्ये प्रकार, बांधणी, आसांची रचना आणि लांबी गुंफलेली असली पाहिजे असा नियम आहे. मी हौसेने तो क्रमांक उतरवून घेतला. पण कोणते अक्षर म्हणजे किती फूट, हा संकेत कारखानदाराचा स्वतःचा असतो. तो त्याने सरकारला कळवलेला असतो, आपल्या कानात सांगितलेला नसतो.

परत आल्यावर मी सहज एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या आपल्या गावात ट्रकांना तोटा नाही. ‘सतरा फुटी’, ‘बावीस फुटी’, ‘बत्तीस फुटी कंटेनर’ हे शब्द तिथे दिवसभर कानांवर पडतात. ही कोणती लांबी, असे विचारल्यावर तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहू लागला. “सर, माल भरायची. केबिनचं भाडं कोण देतंय?” आणि कंपनीने लिहिलेला आकडा? जुन्या टाटा १६१३ ट्रकवर लिहिलेल्या आकड्यात एकही फूट नाही. सोळा म्हणजे भरल्या गाडीचे वजन टनांत, तेरा म्हणजे इंजिनाची सुमारे १३० अश्वशक्ती. पुढे तिरपी रेघ देऊन ४२ लिहिले असेल तर ते पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, ४.२ मीटर. तीन आकडे, तीन वेगळी मापे, आणि ज्याला फूट हवेत त्याने हौद्यात टेप टाकावी. आपल्या लोकांनी तो घोळ असा मिटवला आहे.

भाच्याने आता कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. आत २४-१०, घर २५-७, सगळे मिळून २९-८, आणि मोटार जोडल्यावरची लांबी वेगळी. यंदा ताई पुन्हा गेली तेव्हा त्याने त्याच जंगलात दुसरी, मोठी जागा मागितली. अर्जावर ट्रेलरच्या लांबीसाठी एकच चौकोन होता. त्याने मला फोन करून विचारले, काय लिहू? मी म्हटले, तीस लिही.