उसाचे बिल आणि रेशनचा गहू



"ऊसवाला म्हणजे बागायतदार, त्याला रेशन कशाला हवं?" असे गावागावात सर्रास बोलले जाते. त्यात तथ्य किती, हे आकड्यांवरून पाहावे म्हणून आम्ही हा हिशेब आपल्यापुढे मांडत आहोत.

आपल्या राज्यात 1 मे 1999 पासून तीन रंगांची शिधापत्रिका आली. वार्षिक उत्पन्न 15 हजारांपर्यंत पिवळी, त्यापुढे 1 लाखापर्यंत केशरी आणि त्याच्या वर पांढरी. केशरीला आणखी दोन अटी. घरात चारचाकी नको आणि घरातल्या सर्वांची मिळून बारमाही बागायत चार हेक्टर, म्हणजे सुमारे दहा एकर, भरता कामा नये.

पण केशरी कार्ड हाती आले म्हणजे धान्य मिळालेच, असे नव्हे. इथेच पुष्कळांची गल्लत होते. अन्नसुरक्षा कायदा 2013 सालचा. आपल्याकडे तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. त्यातील प्राधान्य कुटुंबांसाठी राज्याने 2013 साली खेड्यात 44 हजार व शहरात 59 हजार अशी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घातली. यादीत नाव असेल तर माणशी महिना 5 किलो, अंत्योदयाला कार्डामागे 35 किलो. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे.

आता उसाचा हिशेब घ्या. 2013-14 च्या हंगामात एफआरपी टनाला 2,100 रुपये होती, साडेनऊ टक्के उताऱ्याला. म्हणजे 44 हजारांना 21 टन ऊस लागे. 2025-26 ला सव्वादहा टक्के उताऱ्याला 3,550 रुपये. आता साडेबारा टनांतच तो आकडा गाठला जातो! तेही तोडणी-वाहतूक, खत, पाणीपट्टी आणि सोसायटीचा हप्ता वजा जाण्याआधी. जुना आकडा आणि ढोबळ बिल धरून पात्रता ठरवली, तर अर्ध्या एकरात वीस टन काढणारा सभासदही श्रीमंत ठरतो. हातात काय उरले, हे मात्र त्याच्या घरच्यांनाच ठाऊक.

म्हणून आमचे म्हणणे असे, की एफआरपी दरसाल ठरते, तशी ही मर्यादाही वेळोवेळी तपासली जावी आणि उत्पन्न खर्च वजा जाता धरावे. लहान सभासदांनी दाखल्यासाठी जाताना बिलाबरोबर वजावटीचा तपशीलही जवळ ठेवावा आणि आपल्याला कोणती मर्यादा लागू आहे, हे तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारून घ्यावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याने राज्याच्या ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरी भागात 45.34 टक्के लोकांपुरतीच जागा दिली आहे. ती भरली, की कुणी उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही. दारात मोटार आणि दहा एकर बारमाही ऊस असताना ज्यांच्या घरी हा गहू येतो, त्यांनी आपले नाव आपणहून कमी करावे. ती जागा शेजारच्या वाडीतल्या विधवेची असेल. सहकार म्हणतात तो याहून वेगळा नाही.