शर्यतोत्तर खिन्नता

शर्यतोत्तर खिन्नता ही मॅरेथॉन, अल्ट्रामॅरेथॉन, आयर्नमॅन ट्रायथलॉन किंवा लांब पल्ल्याची सायकल शर्यत यांसारखी दमसासाची कसोटी पाहणारी स्पर्धा पूर्ण केल्यावर जाणवणारी उदासीनतेची अवस्था होय. ती बहुधा तात्पुरती असते. स्पर्धेत अपयश आलेल्यांप्रमाणेच ती यशस्वी स्पर्धकांतही आढळते. हा स्वतंत्र मानसिक आजार मानला जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात या नावाची नोंद नाही. तथापि क्रीडा मानसशास्त्रात या अनुभवाची दखल घेतली जाते.

स्वरूप

शर्यतीचा दिवस आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस सहसा आनंदात जातात. अभिनंदनाचे दूरध्वनी, छायाचित्रे व पदक यांत मन रमते. ही गडबड ओसरल्यावर रितेपणा, चिडचिड, कशातही लक्ष न लागणे, झोपेतील व्यत्यय, विनाकारण रडू येणे आणि धावण्याचाच कंटाळा येणे अशी लक्षणे दिसू लागतात. काही जण याउलट घाईघाईने पुढच्या शर्यतीत नाव नोंदवतात. पदक मिळूनही माणूस गप्प का, हे घरच्यांना उमगत नाही. आणि आनंदाच्या वेळी उदास वाटते याची स्पर्धकालाही लाज वाटते. त्यामुळे ही अवस्था बहुतेक वेळा न बोलताच सोसली जाते.

कारणे

शारीरिक : दीर्घ शर्यतीत स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा मोठ्या प्रमाणात संपतो, स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते व शरीरात दाह वाढतो. स्नायूंची वेदना साधारणतः 24 ते 72 तासांत सर्वाधिक असते. थकवा, अपुरी झोप व वेदना यांचा मनःस्थितीवर परिणाम होतो. व्यायामामुळे शरीरात एंडॉर्फिन व एंडोकॅनाबिनॉइड ही द्रव्ये वाढतात आणि प्रसन्नता वाटते. रोजचा सराव एकाएकी थांबला की ही प्रसन्नताही थांबते.

मानसिक : मॅरेथॉनची तयारी साधारणपणे चार-पाच महिने चालते. या काळात उठण्याची वेळ, आहार, सुट्टीचा दिवस व मित्रमंडळ हे सारे एका तारखेभोवती गुंफलेले असते. ती तारीख उलटली की दिवसाचा आधारच निघून जातो. मोठे उद्दिष्ट गाठले की कायमचे समाधान लाभेल, ही अपेक्षाही फोल ठरते. ‘मी धावपटू आहे’ हीच ज्याची मुख्य ओळख बनलेली असते, त्याला ही पोकळी अधिक जाणवते.

इतर क्षेत्रांतील उदाहरणे

जुलै 1969 मध्ये चंद्रावर उतरलेले अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी परतल्यानंतरच्या नैराश्याविषयी 1973 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिले आहे. अमेरिकी जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांनी ऑलिंपिकनंतर आलेल्या नैराश्याची जाहीर कबुली दिली आहे. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत सुवर्णपदक मिळवणारे अभिनव बिंद्रा यांनीही विजयानंतर जाणवलेल्या पोकळीविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. उद्दिष्ट जितके मोठे व एकमेव, तितकी नंतरची पोकळी मोठी, हे या उदाहरणांतून दिसते.

सातारा जिल्हा व कोरेगाव परिसर

महाराष्ट्रात 2004 पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमुळे हौशी धावपटूंची संख्या वाढली. सातारा शहरात 2012 पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही 21.1 किलोमीटरची शर्यत पावसाळ्यात होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाणे व त्याच वाटेने उतरणे असा तिचा मार्ग आहे. उतारावर धावताना मांड्यांच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत भार पेलावा लागतो; म्हणून अशा शर्यतीनंतरची वेदना सपाट रस्त्यावरील शर्यतीपेक्षा अधिक असू शकते.

साताऱ्याच्या पूर्वेस असलेल्या कोरेगाव तालुक्यात जरंडेश्वराचा डोंगर व नांदगिरीचा कल्याणगड आहे. शर्यतीनंतरच्या आठवड्यांत वेळ न मोजता, सोबतीने डोंगर चढण्यास ही ठिकाणे सोयीची आहेत. मात्र गुडघ्यांची वेदना पूर्ण थांबल्यावरच चढ-उतार करणे योग्य ठरते.

उद्दिष्ट बदलण्याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात सलग तीनदा विजय मिळवल्यावर 3000 मीटर स्टीपलचेस हा प्रकार निवडला. 2014 च्या आशियाई स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी या प्रकाराची अंतिम फेरी गाठली.

वारीशी तुलना

दीर्घ पायी प्रवासाची महाराष्ट्रातील जुनी परंपरा म्हणजे पंढरीची वारी. संत ज्ञानेश्वरांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते व लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने पुढे जाते. आषाढी एकादशीला पंढरपुरात पोहोचल्यावर सोहळा तेथेच संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपूर येथे काला होतो आणि मग पालखी आळंदीकडे परतते. वारीचा हेतू भक्तीचा आहे, शर्यतीचा नव्हे. तरीही सांगता करण्याचा ठरलेला दिवस, सर्वांनी मिळून घेतलेला प्रसाद, परतीची वाट आणि पुढच्या वर्षीचे निश्चित बोलावणे या गोष्टी वारीच्या रचनेतच आहेत. आधुनिक शर्यतीच्या वेळापत्रकात मात्र अंतिम रेषेपलीकडे बहुधा काहीच लिहिलेले नसते.

उपाय

शर्यतीच्या तयारीतच नंतरच्या तीन-चार आठवड्यांचा आराखडा आखणे हा मुख्य उपाय होय. त्यात पुढील बाबी येतात.

• पूर्ण विश्रांती व हलकी हालचाल : पहिल्या आठवड्यात झोप, पुरेसा आहार व सावकाश चालणे यांना प्राधान्य द्यावे. शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस कठोर सराव टाळावा, असा प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार अर्धमॅरेथॉननंतर सुमारे 13 व मॅरेथॉननंतर सुमारे 26 दिवस होतात.
• दिनक्रम टिकवणे : उठण्याची वेळ तीच ठेवून सरावाच्या तासात वाचन, बागकाम किंवा फिरणे यांपैकी काही करावे.
• संगत : सरावगटाचे एकत्र येणे थांबवू नये. पुढच्या शर्यतीत पाणीवाटपाची सेवा किंवा नवशिक्यांना मार्गदर्शन केल्याने नाते टिकते.
• लेखन : तयारी व शर्यत यांचा वृत्तांत लिहिल्याने अनुभवाला सांगता मिळते.
• पुढील नोंदणीत सबुरी : केवळ पोकळी भरण्यासाठी लगेच नवी शर्यत स्वीकारल्यास दुखापत व अतिसरावाचा धोका वाढतो.
• कुटुंब : तयारीच्या काळात घरच्यांनी सोसलेल्या गैरसोयीची जाणीव ठेवून त्यांना वेळ द्यावा. घरच्यांनीही उदासीनतेची थट्टा न करता ऐकून घ्यावे.

वैद्यकीय मदत

सामान्यतः ही अवस्था काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत ओसरते. दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे किंवा कशातही रस नसणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, त्यासोबत झोप, भूक वा कामकाज बिघडल्यास, किंवा व्यसनाकडे ओढा वाढल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दीर्घकाळ टिकणाऱ्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉईडचे विकार वा अपुरा आहार ही कारणेही असू शकतात. आत्महत्येचे विचार येत असल्यास दोन आठवडे थांबू नये. तत्काळ मदत घ्यावी. केंद्र शासनाने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर 24 तास विनामूल्य समुपदेशन मिळते.