खोक्यावरचे वॅट आणि कानांची परीक्षा

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊरसारख्या गावात घरी गाणे ऐकण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यावयाचा झाल्यास ग्राहकापुढे आज साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पत्र्याच्या पेटीत जोडून दिलेला, ट्रान्सफॉर्मर आणि ‘५२००-१९४३’ या ट्रान्झिस्टरांच्या जोडीवर चालणारा संच. दुसरी, नामांकित कंपनीचा, पुण्या-मुंबईच्या दुकानातून आणावा लागणारा महागडा संच. आणि तिसरी, घरपोच येणारी, तळहातावर मावणारी ‘क्लास डी’ जातीची छोटी पेटी. या पर्यायांच्या किमती काही हजारांपासून लाखाच्या पुढे पसरलेल्या आहेत, आणि त्यामुळे किमतीत जेवढे अंतर आहे तेवढे आवाजातही असते काय, हा प्रश्न विचारणारा ग्राहक अगदी रास्त प्रश्न विचारत असतो. त्याचे उत्तर मोजमापाने आणि प्रयोगाने पुष्कळ अंशी मिळालेले आहे. ते दुकानाच्या गल्ल्यापर्यंत मात्र फारसे पोचलेले नाही.

पहिला अडथळा खोक्यावरच छापलेला असतो. ‘पीएमपीओ २००० वॅट’ अशा आकड्यातील पीएमपीओ म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’, अर्थात क्षणभर मिळू शकेल अशी कमाल शक्ती. परंतु हा क्षण किती लहान धरावयाचा आणि त्या क्षणी आवाज किती फाटलेला चालेल, याची सर्वमान्य मोजणीपद्धत अस्तित्वात नाही, त्यामुळे आकडा कितीही फुगवता येतो. शेतातला हौद छोट्या पंपाने रात्रभर भरून सकाळी मोठे दार उघडले, तर पहिली काही मिनिटे पाण्याचा लोंढा येतो, पण म्हणून पंपाची ताकद वाढत नाही. अ‍ॅम्प्लिफायरमधील मोठे कंडेन्सर हे असे विजेचे हौद असून, पीएमपीओ हा फार तर त्या पहिल्या लोंढ्याचा आकडा असतो. पंप कोणता आहे हे पाहावयाचे तर पेटी उघडून ट्रान्सफॉर्मर पाहावा.

समजा, तो १२-०-१२ व्होल्टचा आणि ५ अँपिअरचा आहे. दोन्ही टोकांमध्ये २४ व्होल्ट, म्हणजे २४ गुणिले ५, अशी सारी मिळून १२० व्होल्ट-अँपिअरची क्षमता झाली. १२ व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबापासून डायोड आणि कंडेन्सर मिळून सुमारे १६ व्होल्टचा एकदिश दाब तयार करतात; ट्रान्झिस्टर त्यातील सुमारे १४ व्होल्टपर्यंतच स्पीकरला झुलवू शकतात; आणि १४ चा वर्ग भागिले दोन गुणिले ४ ओहम, या सरळ हिशोबाने एका बाजूला जेमतेम २५ वॅट मिळतात. दोन्ही बाजू मिळून ५० वॅट. बाहेरच्या खोक्यावर काहीही छापलेले असो, एवढ्या दाबावर या पेटीतून ४ ओहमच्या स्पीकरांना त्याहून अधिक सलग शक्ती मिळू शकत नाही. पेटीच्या मागील बाजूस किती वॅट वीज लागते याचा आकडा असल्यास तो समोरच्या आकड्याशी ताडून पाहणे हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची तपासणी होय.

अमेरिकेतही अशीच अनागोंदी माजली होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला की, घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत वॅट सांगावयाचे तर ते सलग मिळणाऱ्या शक्तीचेच सांगावे, आणि त्यासोबत किती ओहमच्या भारावर, कोणत्या वारंवारतेपासून कोणत्या वारंवारतेपर्यंत व किती विकृतीच्या मर्यादेत ती मिळते हेही सांगावे. विकृती म्हणजे मूळ संदेशात नसलेली आणि यंत्राने स्वतःहून मिसळलेली सुरांची भेसळ. शिवाय मोजण्याआधी यंत्र घोषित शक्तीच्या एक-तृतीयांशावर तासभर चालवून तापवावे, अशी अट होती, कारण त्या काळची बहुतेक यंत्रे पूर्ण शक्तीपेक्षा त्याच सुमारास अधिक तापतात. पत्र्याचे बारीक हीटसिंक लावून पैसे वाचवणाऱ्या उत्पादकांना ही अट चांगलीच जाचली असणार. २०२४ साली हा नियम आणखी काटेकोर करण्यात आला. आपल्याकडील खोक्यावर ही चार कलमे मागण्याची सवय ग्राहकांना लागली, तर पीएमपीओ आपोआप मागे पडेल.

एवढे झाल्यावर वॅटची मातब्बरीही जरा कमी केली पाहिजे. कानाला आवाज डेसिबलच्या मोजपट्टीवर, म्हणजे गुणोत्तरांनी, जाणवतो. शक्ती दुप्पट केली तर वाढ फक्त ३ डेसिबल होते, आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून ५० वॅटऐवजी ६० वॅटचा संच घेण्यासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ आहे. याउलट, १ वॅटवर ८४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० डेसिबल देणारा स्पीकर लावला तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती चौपट केल्याचे फळ मिळते. घरातल्या बैठकीत गाणे ऐकताना सरासरी खर्च एखाद्या वॅटच्या आसपासच असतो. उरलेले वॅट तबल्याच्या थापेसारख्या अचानक उसळणाऱ्या आघातांसाठी राखीव असतात.

खरी गुणवत्ता शांततेत कळते. कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे जाणारी लोहवाट ज्या मिरजेला पोचते, त्या मिरजेत तयार होणारा तंबोरा हे अ‍ॅम्प्लिफायर तपासण्याचे विलक्षण नाजूक साधन आहे. तंबोऱ्याच्या घोडीची रुंद वक्र पाठ आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे त्याच्या एकेका तारेतून उपस्वरांचा मोठा समुदाय उमटतो, याचे भौतिकी विवेचन सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली केले होते. आता पुरुष गायकाने काळी एकमध्ये षड्ज लावला आहे असे धरू. तो षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३ हर्ट्झचा, आणि मंद्र पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झची. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कंडेन्सर अपुरे किंवा वाळलेले असले, की १०० हर्ट्झची घरघर पाठीमागे राहते. हा १०० हर्ट्झ तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये, दोहोंपैकी कोणाच्याही घरात न बसणारा असा पडतो, आणि १०४ हर्ट्झच्या पंचमाशी त्याची गाठ पडली की आवाज सेकंदाला चार वेळा डळमळू लागतो. जुळवलेला तंबोरा उतरल्यासारखा वाटतो, आणि दोष गवयाच्या माथी जातो! ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणावर संच पारखणाऱ्याला हा दोष कधीच सापडणार नाही. म्हणून दुकानात जाताना नुसत्या तंबोऱ्याचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे.

घरघर नाही, विकृती मोजमापात नगण्य आहे, शक्ती पुरेशी आहे, असे दोन अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवले तर त्यांचा आवाज वेगळा येतो काय, यावर गेली पन्नास वर्षे कडाक्याचे वाद झडले आहेत, आणि या वादात ज्या माणसाचे म्हणणे सर्वांत स्वच्छ होते त्याचे नाव सर्वांत कमी घेतले जाते. पीटर बॅक्सँडल हे इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील सरकारी रडार संशोधन संस्थेत काम करणारे अभियंता. त्यांच्याआधी अमेरिकन अभियंता हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली, बोटीने कामावर जात असताना, ‘निगेटिव्ह फीडबॅक’ची कल्पना सुचली होती, बाहेर पडणाऱ्या संदेशाचा एक अंश उलटा करून पुन्हा प्रवेशाशी जोडला की यंत्राच्या चुका यंत्रच सुधारते, ही ती कल्पना. बॅक्सँडल यांनी तिचा उपयोग करून खर्ज आणि तार या दोन्ही बाजू सुट्या साध्या बटणांनी कमी-जास्त करता येतील, आणि दोन्ही बटणे मध्यावर ठेवताच मूळ आवाज जसाच्या तसा निघेल, असे मंडल रचले व ऑक्टोबर १९५२ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात सर्वांसाठी खुले छापून टाकले. ‘बेस-ट्रेबल’ या दोन शब्दांनी जी बटणे घराघरात ओळखली जातात, त्यांच्यामागील मंडल बहुतेक वेळा बॅक्सँडल यांचेच किंवा त्याचेच रूपांतर असते. ब्लॅक यांच्या बोटीची गोष्ट पाठ्यपुस्तकांत आली. बॅक्सँडल यांच्या वाट्याला कारागिराच्या बोर्डावरचा एक निनावी कोपरा आला.

याच बॅक्सँडल यांनी १९७७ साली त्याच मासिकात, अ‍ॅम्प्लिफायरची ऐकू येणारी विकृती हे काही गूढ नव्हे, अशा आशयाचा लेख लिहिला. त्यांची युक्ती अशी की, अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणारा संदेश योग्य प्रमाणात लहान करून आत जाणाऱ्या संदेशातून वजा करावा. जे उरेल तेच यंत्राचे पाप, आणि ते मोठे करून प्रत्यक्ष ऐकता येते. वजाबाकीनंतर कानाला काहीच उरत नसेल, तर यंत्राच्या ‘उबदारपणा’बद्दल किंवा ‘खोली’बद्दल बोलण्यास आधार उरत नाही. ही कसोटी इतकी साधी आणि इतकी निर्णायक आहे की ती प्रत्येक ध्वनिविषयक परीक्षणात का वापरली जात नाही याचे खरोखर आश्चर्य वाटते. १९८५ साली अमेरिकन अभियंता बॉब कार्व्हर यांनी हाच मार्ग धरून ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरशी स्वतःचा स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर हॉटेलच्या खोलीत बसून इतका जुळवला, की दोहोंच्या वजाबाकीत जवळजवळ काही उरेना, आणि मग संपादकांनाही दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ने सुमारे २०० डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतचे सहा अ‍ॅम्प्लिफायर, नाव झाकून, आवाज नेमका समान करून श्रोत्यांना ऐकवले, तेव्हा उत्तरे नाणेफेकीहून सरस ठरली नाहीत.

‘आवाज नेमका समान करून’ या अटीतच सारे मर्म आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो, आणि दुकानात नकळत किंवा जाणूनबुजून होणारी फसगत इथेच होते. घरी ही अट पाळणे अवघड नाही. १०० हर्ट्झचा स्थिर सूर लावून स्पीकरच्या टोकांशी मल्टिमीटर धरावा. स्वस्त मल्टिमीटर चारेकशे हर्ट्झच्या वर भरवशाचे राहत नाहीत, म्हणून खालचा सूर. एका संचावर २ व्होल्ट आणि दुसऱ्यावर २.०५ व्होल्ट आले, तरी फरक ०.२ डेसिबलचा होतो आणि तो निकाल बिघडवू शकतो. दोन्ही सारखे करावेत. मग दुसऱ्या माणसाने नाणे उडवून, ऐकणाऱ्याला दिसणार नाही अशा रीतीने, एकेक संच जोडावा. १६ वेळा ऐकून १२ वेळा अचूक ओळखले, तर निव्वळ अंदाजाने असे घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असल्याने फरक खरा मानावा. ८-९ वेळाच जमले, तर स्वस्त संच घ्यावा.

एक खरा फरक मात्र पुण्यातील परीक्षणात न दिसता खेड्यात दिसतो. विजेचा दाब २३० वरून १८० व्होल्टवर घसरला, तर ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची कमाल शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी, घटते आणि तबल्याच्या थापेला आवाज फाटू लागतो. क्लास डी पेटीसोबत येणारा, १०० ते २४० व्होल्टवर चालणारा अ‍ॅडॉप्टर अशा वेळीही आपला २४ व्होल्टचा दाब न ढळता देत राहतो, आणि १०० हर्ट्झची घरघरही त्यात सहसा नसते. असा अ‍ॅडॉप्टर ५ अँपिअरचा असला, तर २४ गुणिले ५ हेही वरच्या ट्रान्सफॉर्मरइतके १२० वॅटच झाले. पण क्लास डी पद्धतीत ट्रान्झिस्टर पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद एवढ्याच अवस्थांत राहत असल्याने त्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचू शकते. तिची उणीव दुसरी आहे: आतली चिप जळाली तर ती काढून नवी बसवणे साध्या सोल्डरिंग-गनचे काम नव्हे, उलट कारागिराच्या पेटीतला ट्रान्झिस्टर कुर्डुवाडीतही बदलून मिळू शकतो. दहा-पंधरा वर्षे वापरण्याच्या वस्तूच्या किमतीत ही दुरुस्ती धरलीच पाहिजे, आणि ती धरूनही या दोन पर्यायांपैकी कोणताही घेतल्यास उरणारी रक्कम लाखाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर न घालता अधिक डेसिबल देणाऱ्या चांगल्या स्पीकरवर घालणे हेच उपलब्ध पुराव्याला धरून आहे.