बंद गाडीतला बंद जनरेटर

काही वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट. एका आडगावच्या शाळेत संध्याकाळी स्लाइड-शो आणि रात्री आकाशदर्शन असा कार्यक्रम ठरला होता. गावात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही प्रयोगशाळेतला लहान पेट्रोल जनरेटर बरोबर घेतला. पहाटेच्या थंडीत त्याची टाकी काठोकाठ भरली, झाकण लावले आणि दुर्बिणीच्या पेट्यांशेजारी व्हॅनमध्ये मागे ठेवून दिला. त्याच्या पुढच्याच बाकावर दोन विद्यार्थी बसले. दुपारी जेवणासाठी थांबलो तेव्हा गाडी काचा लावून उन्हात उभी होती. परत आल्यावर चालकाने दार उघडले आणि तो लगेच मागे सरला. "साहेब, कोणी आत शिरू नका. पेट्रोलचा वास मारतोय."

टाकीच्या झाकणाच्या कडेने ओघळ आला होता. खाली अंथरलेली सतरंजी ओली झाली होती. टाकीला भोक नव्हते, जनरेटर कलंडलेला नव्हता आणि सकाळपासून तो चालवलेलाही नव्हता. मग पेट्रोल बाहेर आले कसे? उत्तर आठवीच्या पुस्तकात आहे. उष्णता दिली की द्रव प्रसरण पावतात. हे आम्हाला ठाऊक होते, पण टाकी भरताना आठवले नाही.

पेट्रोल किती वाढते?

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की पेट्रोलचे आकारमान सुमारे ०.०९५ टक्क्याने वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण टाकी १५ लिटरची असेल, पहाटे पेट्रोल १५ अंशांवर असेल आणि दुपारी बंद गाडीत ते ४० अंशांपर्यंत तापले, तर वाढ किती? १५ × ०.०००९५ × २५, म्हणजे सुमारे ०.३५ लिटर. काठोकाठ भरलेल्या टाकीत या साडेतीनशे मिलिलिटरला जागाच नसते. ते झाकणातून वाट काढते.

घाटरस्त्यावर आणखी एका गोष्टीची भर पडते. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. टाकीतील हवा व वाफ तेवढ्या प्रमाणात प्रसरण पावते आणि झाकणाच्या छिद्रातून बाहेर पडते. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी कार्बोरेटरमधला फ्लोट हलतो आणि टाकीचा कॉक उघडा राहिला असेल, तर तेथूनही पेट्रोल झिरपते. म्हणजे बंद जनरेटरमधून पेट्रोल बाहेर यायला ऊन, चढ आणि खड्डे पुरतात. या तिन्हींचा आपल्या रस्त्यांवर तुटवडा नाही.

पेट घेते ते पेट्रोल नव्हे, वाफ

सांडलेले पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आग लागण्याइतकी वाफ द्रवावर तयार होण्यासाठी केरोसिन सुमारे ३८ अंशांच्या वर तापावे लागते. पेट्रोलच्या बाबतीत हे तापमान शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी उघड्या पेट्रोलवर पेट घेण्याजोगी वाफ असतेच.

वाफेचे हवेशी प्रमाण मात्र जुळावे लागते. आकारमानाने सुमारे १.४ टक्के ते ७.६ टक्के वाफ असेल तरच मिश्रण पेटते. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरे पडते आणि जास्त असेल तर ऑक्सिजन अपुरा पडतो. यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. पेट्रोलने भरलेल्या टाकीत द्रवावरची वाफ इतकी दाट असते की तेथे सहसा ऑक्सिजनच कमी पडतो. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत मात्र वाफ आणि हवा यांचे प्रमाण जुळून येऊ शकते. म्हणून 'टाकी रिकामी आहे, आता काय होणार' असे म्हणणे चुकीचे आहे. रिकाम्या टाकीचेही झाकण बंद हवे आणि तीही ठिणगीपासून दूर हवी.

आता आमच्या व्हॅनकडे परत येऊ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर न जाता गाडीच्या तळाशी पसरते. तळ ४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद धरला, तर १० सेंटिमीटर जाडीच्या थरात ६८० लिटर हवा असते. तिच्या १.४ टक्के म्हणजे साधारण साडेनऊ लिटर वाफ. ती किती पेट्रोलपासून मिळेल? १ लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७४० ग्रॅम, सरासरी रेणुभार सुमारे १००, आणि १ मोल वायूचे आकारमान २५ अंशांना साडेचोवीस लिटर. म्हणजे १ लिटर पेट्रोलपासून सुमारे १८० लिटर वाफ. यावरून साडेनऊ लिटर वाफेला फक्त ५० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल पुरते.

अर्धा कप चहाएवढे पेट्रोल आणि गाडीचा सगळा तळ पेट घेण्याजोगा! आमच्या टाकीतून त्याच्या सातपट बाहेर येऊ शकत होते. त्या क्षणी एखाद्याने आत बसून काडी ओढली असती किंवा तळाशी एखाद्या सैल तारेतून ठिणगी पडली असती, तर काय झाले असते? ते दोन विद्यार्थी नेमके तेथेच बसणार होते.

धोका ज्याला वास नाही

पेट्रोलने निदान वास देऊन आम्हाला सावध केले. जनरेटर चालू असताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड तेवढीही दया दाखवत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा रेणुभार २८ आणि हवेचा सरासरी २९. म्हणून तो तळाशी बसत नाही, छताकडेही जात नाही, तर हवेत सगळीकडे मिसळतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते. झोपलेल्या माणसाला तर हेही कळत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, दोन माणसे मृत आढळली. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांच्या तपासणीत असे दिसले की, जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातील छिद्रातून आत शिरला होता. अमेरिकेत गाडीमागे ओढून न्यायच्या अशा फिरत्या घरांचा प्रघात मोठा आहे आणि त्यांच्याबरोबर जनरेटरही असतो. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सांगतो की, जनरेटर फक्त उघड्यावर, घरापासून किमान २० फूट दूर चालवावा आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला असावे. खिडकी उघडी ठेवली किंवा पंखा लावला म्हणून तो आत चालवणे सुरक्षित होत नाही. शाळेच्या व्हरांड्यालाही हाच नियम लागू आहे.

मग न्यावा कसा?

त्या प्रसंगानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. शक्यतो जनरेटर माणसे बसतात त्या बंद भागात नेतच नाही. उघड्या पिकअपमध्ये किंवा मागे जोडलेल्या उघड्या ट्रेलरवर नेतो, म्हणजे वाफ साचत नाही. काम संपले की तो मोकळ्या जागी पूर्ण थंड होऊ देतो. टाकीतले पेट्रोल उघड्यावरच डब्यात काढून घेतो. मग कॉक बंद करून, कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो आणि ते पुन्हा थंड होण्याची वाट पाहतो. काही जनरेटरच्या झाकणावर हवेच्या छिद्राची कळ असते. ती चालवताना उघडी आणि नेताना बंद हवी.

पेट्रोल वेगळ्या, त्यासाठीच बनवलेल्या डब्यातून नेतो. डबा भरताना तो जमिनीवर ठेवावा. गाडीतील प्लॅस्टिकच्या आवरणावर ठेवून भरल्यास स्थिर विद्युतभार साचून ठिणगी पडू शकते. विसावा भाग जागा मोकळी सोडावी. २५ अंशांच्या वाढीला सुमारे अडीच टक्के जागा लागते, ही तिच्या दुप्पट झाली.

जनरेटर उभा ठेवून चारही बाजूंनी बांधणे हेही तितकेच महत्त्वाचे. तो आडवा झाला की पेट्रोल गळते आणि इंजिनाचे तेल सिलिंडरमध्ये शिरते. शिवाय ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळली, तर न बांधलेला २५ किलोचा जनरेटर सुमारे १४ मीटर उंचीवरून पडल्याइतक्या ऊर्जेने पुढे येतो. मुलांनी हे v²/२g या सूत्राने पडताळून पाहावे. आग विझवण्यासाठी कोरड्या पावडरचे उपकरण हाताशी ठेवावे. पाण्याचा उपयोग नाही, कारण जळते पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते.

आणि तरीही वास आलाच तर? गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवून दूर न्यावे, दारे उघडी टाकावीत. दिव्याचे किंवा पंख्याचे बटण दाबू नये. वास पूर्ण गेल्याशिवाय कोणी आत जाऊ नये. त्या दुपारी चालकाने आम्हाला हेच करायला लावले. कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला, इतकेच.

वर्गात करण्यासाठी

पेट्रोल घेऊन कोणताही प्रयोग करू नये. जड वायू खाली साचतो हे दाखवायला काचेच्या खोल भांड्यात वेगवेगळ्या उंचीच्या तीन मेणबत्त्या पेटवाव्यात आणि तळाशी खाण्याचा सोडा टाकून बाजूने व्हिनेगर ओतावे. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड आहे. सर्वांत बुटकी मेणबत्ती आधी विझते, मग मधली, मग उंच. पेट्रोलची वाफ याच्याही दुप्पट जड असते, हे मुलांना सांगावे. प्रसरणासाठी काचेची बाटली खाद्यतेलाने काठोकाठ भरून कोमट पाण्यात उभी करावी. थोड्याच वेळात बाटलीच्या गळ्यावरून तेलाचा ओघळ येतो.

आमच्या जनरेटरच्या झाकणावर आम्ही तसाच ओघळ पाहिला होता. बाटलीवरचा ओघळ ज्याने नीट पाहिला आहे, तो पुढे कधी टाकी काठोकाठ भरणार नाही, अशी आमची खात्री आहे.