बोदवडमध्ये बसून सायबर सिक्युरिटीत करिअर? कोर्सची फी भरण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, सायबर सिक्युरिटी करायचंय, कोणता कोर्स लावू?" रील्समध्ये याचं उत्तर तयारच असतं: काळी हुडी, स्क्रीनवर पळणारी हिरवी अक्षरं, 'तीन महिन्यांत एथिकल हॅकर बना' आणि फी चाळीस हजार, हप्त्यानं दिली तरी चालेल. बोदवडमध्ये चाळीस हजार म्हणजे पाच-सहा क्विंटल कापूस. तेव्हा पैसे भरण्याआधी हे काम नेमकं काय असतं, त्यात लोक शिरतात कसे आणि हातात फक्त फोन असेल तर सुरुवात कुठून करायची, ते बघू.

हुडी नाही, शिफ्ट असते

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड टाकलं की 'याच्या खात्यात पैसे आहेत का?' असा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो. हल्लेखोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली आणि ती प्रत्येक प्रश्नाला 'हो, द्या' असं उत्तर देत राहिली. ११ ऑगस्टला, शनिवारी, नकली कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. ग्राहकाचा ओटीपी कुणी विचारला नाही, लिंक कुणी पाठवली नाही. घाव थेट बँकेच्या यंत्रणेवर होता.

अशा ठिकाणी नोकरीची पहिली पायरी असते सॉक ॲनालिस्टची. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन सेंटर. इथं बसलेला माणूस दिवसभर (आणि पाळी आली की रात्रभर) इशारे तपासतो. समजा शाखेतल्या कॅशियरचं लॉगिन रात्री दोन वाजता झालं. तो खरंच कामाला बसलाय, घड्याळ चुकलंय, की पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागलाय? दहातले नऊ इशारे फुसके निघू शकतात. दहावा ओळखायचा आणि वेळेत वर कळवायचा, हे काम. कंटाळवाणं वाटतं? बऱ्याचदा असतंच. पण हल्ला पहिल्यांदा इथंच दिसू शकतो.

कॉसमॉसनंतर, २०१८ आणि २०१९ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे नियम आणले. बँकांच्या चार पातळ्या केल्या. डिजिटल सेवा जितक्या जास्त, तितके नियम कडक आणि सगळ्यात वरच्या पातळीला चोवीस तास नजर ठेवणारं केंद्र. पुढे २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेनं सांगितलं की ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या. या नोंदी कुणीतरी वाचाव्या लागतात. नोकऱ्या तिथून येतात. त्या फक्त हिंजवडीतल्या कंपन्यांसाठीच असतात असं समजू नका.

याच केसमधली दुसरी बाजू. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टानं ११ जणांना शिक्षा सुनावली. ही यंत्रणा फोडणारी डोकी नव्हती, एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतली माणसं होती. आज टेलिग्रामवर 'तुमचं बँक खातं द्या, महिन्याला दहा हजार घ्या' अशा ऑफर फिरतात, त्या याच जातीच्या. फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात. सिक्युरिटीच्या नोकरीत घेण्याआधी पार्श्वभूमी तपासली जाते. एकदा गुन्ह्यात नाव आलं की कुठलंही सर्टिफिकेट उपयोगाचं नाही.

रिपेअरिंगच्या दुकानातून

क्विक हील हे नाव ऐकलं असेल. ती कंपनी उभी करणारे कैलास काटकर सातारा जिल्ह्यातले, शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, मग स्वतःचं दुकान, मग कॉम्प्युटर दुरुस्ती. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायला लागले. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्यानं व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

प्रत्येकाचं असं होईल असं मी म्हणत नाही. मला यात आवडतं ते वेगळंच: वस्तू बिघडते कशी हे आधी माहीत होतं, सुरक्षा नंतर आली. गावात मोबाईल दुरुस्ती, सीसीटीव्ही किंवा वायफायची जोडणी करणारा मुलगा आयपी ॲड्रेस, राउटर, पोर्ट हे रोज हाताळतो. तीन महिन्यांच्या 'हॅकर' कोर्सपेक्षा तो या क्षेत्राच्या जास्त जवळ उभा आहे, फक्त त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

लॅपटॉप नाही? चालेल

अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप मिळतं. एफ-ड्रॉइडवरून घ्या. फोनमध्ये लिनक्सची काळी खिडकी उघडते. त्यात ओपनएसएसएच टाका आणि ओव्हर-द-वायर या साइटवरचा 'बँडिट' हा खेळ सुरू करा. फुकट आहे. तुम्ही दूरच्या एका सर्व्हरवर लॉगिन करता, तिथं लपवलेला पासवर्ड शोधता आणि तो वापरून पुढच्या लेव्हलला जाता. खेळता खेळता लिनक्सच्या कमांड हातात बसतात. सॉकमध्ये नोंदी चाळताना हीच सवय कामाला येते. पिकोसीटीएफ हा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा खेळही फुकट आणि शाळकरी मुलांपासून चालतो.

मग अभ्यास. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा 'एथिकल हॅकिंग' कोर्स आहे. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर साधारण हजार रुपये. आधी नेटवर्किंगचा एखादा कोर्स करा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात डोक्यावरून जायला लागेल. पदवीसाठी जळगावला विद्यापीठ आहे, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. बोदवडहून रेल्वेनं भुसावळ, पुढे जळगाव. बीएस्सी कॉम्प्युटर, बीसीए, इंजिनिअरिंग, यातलं काहीही चालेल. इंजिनिअरिंग किंवा एमसीएनंतर पुण्याच्या सी-डॅकचा डिटिस हा साधारण सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे. फी लाखाच्या घरात, पण आत जायला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आहे. आता तुलना करा. एकीकडे परीक्षा घेऊन निवडणारी संस्था, दुसरीकडे पैसे भरले की लगेच आत घेणारा क्लास.

एक लक्ष्मणरेषा मात्र आहे. सराव फक्त परवानगी असलेल्या जागी. मित्राचं इन्स्टा 'फक्त बघायला' उघडणं, कॉलेजच्या साइटवर टूल चालवणं हे परवानगीशिवाय केलं तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतं. 'शिकत होतो साहेब' हे उत्तर तिथं चालत नाही.

अडलं की विचारायचं कुणाला?

खरी अडचण इथं आहे. कोर्स सगळ्यांच्या फोनवर आहेत, शेजारी बसून सांगणारा माणूस नाही. बँडिटमध्ये एका लेव्हलला अख्ख्या सर्व्हरवरून ३३ बाइटची एक फाइल शोधायची असते. कमांड बरोबर लिहिली तरी 'परमिशन डिनाइड' अशा ओळींचा पाऊस पडतो आणि उत्तर त्यात बुडून जातं. अनेक जण इथंच ॲप बंद करतात. पुढे गेलेला कुणी असेल तर तो एका वाक्यात सांगतो: "एररच्या ओळी वेगळ्या काढून फेकून दे, मग बघ." पाच मिनिटांचं काम, पण ते सांगणारा नसेल तर आठवडा जातो.

असा माणूस मिळतो कुठे? 'नल' नावाचा सिक्युरिटीवाल्यांचा खुला समूह आहे, त्याच्या पुणे-मुंबईत फुकट बैठका होतात आणि नवख्यांनाही येता येतं. गोव्यात २०१० पासून होणारी नलकॉन ही परिषद त्याच मंडळींची. कॉलेजमध्ये असाल तर लॅब सांभाळणारे सर अनेकदा वर्गातल्या सरांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. आणि गावातून पुण्याला गेलेला एखादा दादा किंवा ताई आयटीत असतेच.

फक्त विचारताना "दादा, हॅकिंग शिकव ना" असं लिहू नका. त्याला उत्तर येत नाही, आणि यायचं कारणही नाही. असं लिहा: "दादा, बँडिटच्या सहाव्या लेव्हलला अडकलोय. फाइंड कमांड अशी अशी लिहिली, स्क्रीनशॉट जोडलाय. मालक आणि साइज दोन्ही दिलंय, तरी एररच येताहेत. माझं कुठं चुकतंय?" अशा मेसेजला बहुतेक जण रात्री अकरालाही उत्तर देतात.